नऊ नंबरच्या खाटेवरचं नाव

‘नावाच्या सिस्टर’ म्हटलं की जुन्या प्रसूतिगृहाच्या आसपासची माणसं अजून ओळखतात. त्यांचं स्वतःचं नाव विचारलंत तर मात्र सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. बत्तीस वर्षं बाईंनी दुसऱ्यांच्या लेकरांना नावं सुचवली, त्यांचे अर्थ समजावून सांगितले, आणि स्वतःचं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते एका वेगळ्याच नावाचं. त्या एका नावाच्या बाबतीत त्यांनी चक्क थाप मारली होती, आणि ती थाप चाळीस वर्षं त्यांना आतून खात होती. कधीतरी कुणीतरी दारात उभं राहून जाब विचारणार, ही धास्ती काही केल्या जात नव्हती.

पण ते पुढे. आधी ती खोली तर बघा. आता तिथे तीन मजली वाहनतळ आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. लांबट खोली, दोन्ही भिंतींना मिळून अकरा लोखंडी खाटा. भिंती खांद्यापर्यंत हिरव्या, त्याच्या वर पांढऱ्या, आणि जिथे बायका डोकं टेकून बसायच्या तिथे तेलाचे गोल डाग. कोपऱ्यात स्टोव्हवर पाणी सारखं उकळत असायचं. फिनेल, दूध, ओले कपडे आणि औषधं यांचा मिळून एक वास होता. सिस्टरना अजून कधी कुठे त्यातला अर्धा जरी आला, तरी चालता चालता पाय थबकतात.

तर त्या खोलीत बाळांच्या पायाला चिकटपट्टी लावायचे आणि तिच्यावर शाईनं आईच्या खाटेचा नंबर घालायचे. झालं! तिथून पुढे लेकरू म्हणजे नंबर. ‘तीनचं दूध झालं का?’ ‘आठ जरा पिवळं दिसतंय.’ ‘पाचनं डोकं उठवलंय नुसतं.’ नव्यानं रुजू झालेल्या सिस्टरना आठवडाभरात याचा वीट आला.

“अहो, बाळं आहेत का बसगाड्या?” त्या आयामावशींना म्हणाल्या.

आयामावशी म्हणजे त्या खोलीतलं सर्वांत जुनं माणूस. डॉक्टरीणबाईसुद्धा त्यांना बिचकून असत. त्या लंगोट पिळता पिळता म्हणाल्या, “मग काय म्हणायचं? साहेब?”

“नाव ठेवायचं.”

“नाव त्यांच्या घरचे ठेवतील. आपण कोण टिकोजीराव लागून गेलो?”

“घरी गेल्यावर ठेवू देत की त्यांना हवं ते. इथे आहे तोवर माझं.”

अशी सुरुवात झाली. चार-पाच दिवसांचंच नाव, चिकटपट्टीसारखं, जाताना सोलून काढायचं. पण गंमत अशी, की निम्म्या बायका ते काढायच्याच नाहीत. चार दिवस हाक मारून मारून जिभेला सवय व्हायची, बाळही (निदान आईच्या मते तरी) त्या नावाला मान वळवायला लागायचं, आणि घरी जाऊन बाई ठणकावून सांगायची की हेच ठेवायचं. मग आजूबाजूच्या गल्ल्यांमधून सिस्टरनी दिलेली नावं रांगायला, धावायला आणि शेजाऱ्यांच्या काचा फोडायला लागली.

बायका एक प्रश्न हमखास विचारायच्या. “म्हणजे काय हो, सिस्टर?” पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा सिस्टरची बोबडीच वळली होती. नाव कानाला गोड वाटलं म्हणून ठेवलं. अर्थबिर्थ कुणाला ठाऊक! त्या दिवशी घरी जाताना त्यांनी एक जाड वही विकत घेतली, आणि कानाला खडा लावला, की अर्थ माहीत नाही ते नाव द्यायचं नाही.

त्या वहीपायी त्यांनी किती माणसांना पिडलं म्हणून सांगू! जुन्या पुस्तकांचा दुकानदार त्यांना लांबून येताना बघून शब्दकोश काढून ठेवायचा. शाळेतले भाषेचे मास्तर, बायकोला भेटायला आले आणि तासभर जिन्यात अडकले. सहा नंबरवालीचा नवरा जहाजावर आचारी होता. त्यानं सांगितलं, की त्यानं पाहिलेल्या एका बंदरात पोरं ज्या वारी जन्मतात त्या वाराचं नाव लावतात, त्यामुळे एकाच गल्लीत सात-आठ शुक्रवार हिंडत असतात. सिस्टरनी तेही लिहून घेतलं. दवाचा थेंब म्हणजे काय, न ढळणारा म्हणजे काय, दोन नद्या मिळतात त्या जागेला कुठल्या भाषेत काय म्हणतात, सगळं वहीत. हे नाव फुलावरून आलंय, हे एका विसरलेल्या राणीवरून, आणि हे म्हणे मुळात सुताराच्या एका हत्याराचं, असं त्या बायकांना खाटेजवळ बसून सांगायच्या. टाके ओढत असले तरी बायका ऐकायच्या.

आणि नाव देताना त्या भांडायच्यासुद्धा. एका गृहस्थाला पाचव्या मुलीचं नाव असं हवं होतं, की ज्याचा अर्थ ‘आता पुरे’. सिस्टरनी त्याला दाराबाहेर नेऊन विचारलं, “पुरे कुणाला म्हणायचंय तुम्हाला? तुमचं तुम्हाला म्हणा की! त्या पोरीनं काय घोडं मारलंय?” गृहस्थ गपगुमान पहाटेच्या ताऱ्याचं नाव घेऊन घरी गेले.

घरी मात्र सिस्टरचं काही चाललं नाही. त्यांना मुलगा झाला तेव्हा वहीत चारशेच्या वर नावं जमली होती. सासूबाईंनी वही न उघडताच सासऱ्यांचं नाव जाहीर केलं. त्याचा अर्थ ‘शांत’. पोरगं असं निघालं, की चौथ्या घराला त्याचा आवाज जायचा. घड्याळं दुरुस्त करणारे सिस्टरचे यजमान मिस्कील होते. पोरानं भोकाड पसरलं की ते डोळ्याची काच न काढता म्हणायचे, “वहीत बघ बरं, अर्थ उलटा छापलाय का!” आता यजमान नाहीत, आणि मुलगा लांबच्या गावाहून फोनवर ओरडत असतो. सिस्टर फोन कानापासून वीतभर लांब धरतात आणि त्यांना एकदम त्या घराची, त्या माणसाच्या हसण्याची अशी आठवण येते, की मुलगा काय बोलला ते राहूनच जातं.

हं, तर ती थाप.

त्या वर्षी उन्हाळा मी म्हणत होता. नऊ नंबरवर एक बाई आली. बाई कसली, एकवीस-बावीस वर्षांची पोरच ती. एकटीच, हातात एक कापडी पिशवी. लग्न दोन्ही घरांच्या मनाविरुद्ध केलेलं, त्यामुळे दोन्ही दारं बंद. नवरा कुठेतरी लांब पूल बांधायच्या कामावर. त्याला तार केली होती, तिचा पत्ता नव्हता. बाळंतपण अवघड गेलं, मुलगी झाली, दोघी वाचल्या. सिस्टरच्या लक्षात एवढंच राहिलं, कारण असली अवघड बाळंतपणं महिन्याला दोन-तीन तरी असायचीच. रक्त फार गेलं होतं म्हणून डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद होती, की तीन दिवस हिनं उताणं पडून राहायचं, कूससुद्धा बदलायची नाही.

दुपारी चारला भेटायची वेळ. चार वाजले की दहा खाटांभोवती माणसांची जत्रा. थर्मास, पिशव्या, पोराचं नाक कुणावर गेलं याचे वाद. नवव्या खाटेपाशी कुणी नाही. पहिल्या दिवशी ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी चार वाजता तिचा बांध फुटला. तोंडात पदर कोंबून ती अशी रडायला लागली, की शेजारच्या खाटेवरचे पाहुणे बोलायचे थांबले. सिस्टर धावल्या. “अगं टाके तुटतील! काय होतंय?” तिला काही सांगता येईना. शेवटी म्हणाली, “हिला नाव तरी द्या हो. मला काही सुचत नाही. विचारू तरी कुणाला?”

आणि नेमकी त्या दिवशी वही जागेवर नव्हती! आदल्या दिवशी तिच्यावर औषधाची बाटली सांडली होती. ती घरी दोरीवर पानं उघडी टाकून वाळत होती. सिस्टरच्या डोक्यात त्या क्षणी चारशेतलं एक नाव येईल तर शपथ. माणूस आठवायला लागलं की वर बघतं, तशा त्यांनी वर बघितलं. वर पंखा होता. खोलीतल्या तीन पंख्यांपैकी हा एक कायमचा जळालेला. ‘उद्या येतो’ म्हणून गेलेला वायरमन दोन वर्षं झाली तरी यायचा होता. पंख्याच्या मधल्या वाटोळ्या तबकडीवर पितळी अक्षरांत त्याचं नाव होतं. तीन अक्षरी, ऐकायला गोड. कोणतं ते मी सांगणार नाही. कंपनीची फुकट जाहिरात मी का करू?

सिस्टरनी ते नाव म्हणून टाकलं.

ती डोळे पुसत म्हणाली, “म्हणजे काय हो?”

“म्हणजे… जिची खूप खूप वाट बघितली, ती.”

बोलून गेल्यावर सिस्टरनी जीभ चावली. पण त्या पोरीचं रडणं थांबलं होतं. ती सिस्टरच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं कुशीतल्या मुलीला त्याच नावानं हळूच हाक मारली, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा चक्क हसली. दुसऱ्याच दिवशी नवरा आला, बुटांवर पुलाचं सिमेंट तसंच. तार उशिरा मिळाली होती बिचाऱ्याला. त्यानंही अर्थ विचारला. बायकोनं सांगितला. तो सिस्टरकडे वळून म्हणाला, “काय नाव काढलंत हो!” सिस्टरना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

वेळ मारून नेली, झालं, असं आयामावशींचं म्हणणं. “अहो, हसली ना पोर? मग? तुमचं आपलं काहीतरीच.” पण सिस्टरना ते पटेना. बायका त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायच्या, आणि त्यांनी एका एकट्या, दुखण्यानं पिळून निघालेल्या पोरीला पंखा बांधून दिला होता. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या ते नाव शोधत होत्या. कुठल्या तरी भाषेत, कुठल्या तरी बेटावर त्याचा काहीतरी अर्थ निघावा म्हणून त्यांनी पुस्तकवाल्याला हैराण केलं. मास्तरांनी हात टेकले. मग त्यांनी थेट पंख्याच्या कंपनीला पत्र धाडलं, की कृपया आपल्या पंख्याच्या नावाचा अर्थ कळवावा. कंपनीचं उत्तर आलं. पाकिटात नव्या पंख्यांची रंगीत यादी होती.

ते नाव वहीत त्यांनी कधी लिहिलं नाही. पुढे सिस्टर निवृत्त झाल्या, आयामावशी गेल्या, इमारत पाडली. पाडताना सिस्टर समोरच्या फुटपाथवर जाऊन उभ्या होत्या. हिरव्या भिंतीचा एक तुकडा उन्हात उघडा पडला तेव्हा त्यांना भर रस्त्यात रडू आलं. इतकी माणसं त्या खोलीत पहिल्यांदा रडली आणि आता तिथे कुणी कुणाचं नाव घेणार नाही, असं त्यांना वाटलं.

आणि मग परवा, सकाळी दहाच्या सुमाराला, दारावर टकटक झाली. सिस्टर खिडकीपाशी मटार सोलत बसल्या होत्या. चाळिशीची बाई, केसांत थोडी पांढरी बट, खांद्याला पिशवी.

“नावाच्या सिस्टर तुम्हीच ना? फार शोधलं तुम्हाला. मी शाळेत गणित शिकवते.” आणि तिनं आपलं नाव सांगितलं.

सिस्टरच्या हातातली शेंग खाली पडली आणि दाणे टेबलाखाली पळाले. असलं नाव दुसऱ्या कुणाचं असणं शक्यच नव्हतं.

“बस,” त्या म्हणाल्या. “चहा टाकते.”

“चहा राहू दे. मला एक विचारायचंय.”

सिस्टरनी हात पदराला पुसले. आता लपवालपवी नको. “तू विचारायच्या आधी मीच सांगते. तुझ्या नावाला काही अर्थ नाही, बाई. सगळे शब्दकोश पालथे घातले मी. ते पंख्याचं नाव आहे. माझी वही घरी राहिली होती, तुझी आई रडत होती, मी वर बघितलं आणि…”

“माहीत आहे मला.”

“माहीत आहे?”

“आईनं सांगितलं. आई गेली, तीन महिने झाले. जायच्या दोन दिवस आधी सांगितलं. सिस्टर, ती तीन दिवस त्या पंख्याखाली उताणी पडून होती. कूस बदलायची नव्हती तिला. आणि पंखा बंद होता.”

अरे देवा! बत्तीस वर्षं सिस्टर त्या खोलीत उभ्या होत्या, वाकल्या होत्या, धावल्या होत्या. एकदाही कुठल्या खाटेवर आडव्या होऊन त्यांनी वर बघितलं नव्हतं. खाटेवरच्या बाईला छतावर काय दिसतं, याचा विचारच कधी डोक्यात आला नाही. ती पोर शिकलेली होती. तीन दिवस, उठता येत नाही, बोलायला कुणी नाही, आणि डोळ्यांसमोर तेवढीच तीन अक्षरं!

“म्हणजे मी सांगितलं तेव्हाच तिला…”

“तेव्हाच. आई म्हणाली, त्यांनी वर बघितलं आणि मला कळलं आता त्या काय म्हणणार. अर्थ विचारला तो नुसता बघायला, की तुम्ही काय सांगता.” ती हसली, पण तिचे डोळे भरले होते. “बाबांना तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. मलाही नाही. मी जन्मभर जिथे जाईन तिथे सांगत आले, माझ्या नावाचा अर्थ हा असा. वर्गात मुलांना सांगते. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंना सांगितला.”

चाळीस वर्षं घोकून ठेवलेली लांबलचक माफी सिस्टरना ऐन वेळी आठवेना. “चुकलं गं माझं,” एवढंच त्या कसंबसं म्हणाल्या.

“माफी मागू नका हो. पंखा तर पंखा, त्याचं मला काही नाही. मला वेगळंच विचारायचंय.” तिनं खुर्ची जवळ ओढली. “आई गेल्यापासून हेच डोक्यात आहे. माझी वाट बघणारं तिथे कुणीच नव्हतं. बाबांना पत्ता नव्हता, आजी-आजोबांनी तोंड फिरवलेलं. आईनं खरं ते सांगितलं मला, म्हणाली, त्या दिवसांत मला मरावंसं वाटत होतं, तुझी वाट कसली बघतेय! मग तुम्ही हाच अर्थ का सांगितलात? फूल म्हणाला असतात, तारा म्हणाला असतात, ती गप्प झाली असती. तुम्हाला हेच कसं सुचलं?”

हा प्रश्न सिस्टरना आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःला तर नाहीच नाही. थाप मारली याची लाज इतकी मोठी होती, की ती थाप हीच का, हे बघायचं राहून गेलं होतं. त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. फुलं होती की डोक्यात, तारे होते. रोजचाच माल तो. मग? मग त्यांना तिसऱ्या दिवसाच्या मागचा दुसरा दिवस आठवला, त्याच्या मागचा पहिला, आणि ती दुपार, इतक्या बाळंतपणांच्या ढिगाखाली गेलेली.

“तू रडली नव्हतीस,” त्या हळूच म्हणाल्या.

“काय?”

“जन्मलीस तेव्हा. जांभळी होतीस, आणि गार. आईचं रक्त थांबत नव्हतं, डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या आणि तुला माझ्या हातात दिलं. तोंड साफ केलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. काही नाही. मग तुझ्या तोंडाला तोंड लावून वारा घालत बसले. एक फुंकर घालायची आणि बघायचं. पुन्हा घालायची, पुन्हा बघायचं. ‘ये गं बाई, ये लवकर,’ असं मी तुला म्हणत होते. आयामावशी रडायला लागल्या होत्या. वाट मीच बघत होते गं. दुसरं कोण होतं तिथे?”

समोरच्या बाईनं सिस्टरचे दोन्ही हात धरले, मटारांचा हिरवा रंग लागलेले. मग तिनं विचारलं, “किती वेळ?”

“घड्याळ कुणी बघितलंय!” सिस्टर म्हणाल्या. “डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या, सिस्टर, ठेवा आता तिला खाली. मी नाही ठेवलं.”